सतराव्या ओळीतला रिव्हर्स

मॅडम बार्शी ओलांडून येरमाळ्याकडे वळल्या तेव्हा सव्वानऊ वाजले होते, आणि आमच्या ट्रॅक्टरला मागे जाता येत नव्हतं.

ट्रॅक्टर गेममधला. मॅडम पुण्याच्या, कंपनीच्या सगळ्या गेमचं काम बघणाऱ्या. फोनवर म्हणाल्या, "एवढ्या जवळ आलेच आहे तर देवीचं दर्शन घेऊन येते. साडेअकरापर्यंत पोचेन. वाटेत तुमची यादी वाचत होते. इतकी नीट यादी मला पुण्यातही कुणी देत नाही हो."

मी "सावकाश या" म्हणाले, फोन ठेवला आणि वहीतली सतरावी ओळ पुन्हा वाचली. 'रिव्हर्स – झालं.' अक्षर माझं, बरोबरची खूण माझी. याच यादीची टाईप केलेली प्रत मी दीड महिन्यापूर्वी पुण्याला पाठवली होती.

पाहुणे येण्याआधी यादीतली एकेक ओळ स्वतः मशीनवर करून बघायची, ही माझी सवय. त्या सकाळी सोळा ओळी बिनतक्रार गेल्या. सतरावीला मी मागे जाण्याचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. ट्रॅक्टर आपल्या दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन शांत उभा.

त्या दिवसावर काय ठरणार होतं ते आम्हा अकराही जणांना माहीत होतं. महिनाभर आधी मेल आला होता. धाराशिवचा स्टुडिओ चालू ठेवायचा की इथलं काम पुण्याच्या स्टुडिओत मिसळायचं, हे या भेटीनंतर ठरेल. ज्यांना पुण्याला यायचं असेल त्यांना तिथे घेतलं जाईल. मी त्याच संध्याकाळी वहीचं एक पान मधोमध आखलं. 'जाऊ शकतील' या बाजूला तीन नावं आली. 'जाऊ शकणार नाहीत' या बाजूला सात. त्या सातांत आमची मुरुम गावची चित्रकार होती. तिचा नवरा इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेवर, मुलं दुसरी आणि चौथीत. आमचा मुख्य प्रोग्रामरही त्यातच होता. पाच वर्षं पुण्यात काढून तो या स्टुडिओसाठी परत आला होता. ढोकीला घरात वडील एकटे. माझं नाव मी कुठल्याच बाजूला लिहिलं नाही. माझ्या वयाच्या बाईला पुण्यात घेऊन ते काय करणार होते?

'स्टुडिओ' हा शब्द आमच्याकडे उशिरा आला. सुरुवातीला नुसतं 'वरचं ऑफिस' म्हणायचे, कारण ते कृषी सेवा केंद्राच्या माडीवर होतं. त्याआधी त्याच जागेत मी टायपिंग आणि संगणकाचा क्लास चालवत असे. कंपनी सुरू करणाऱ्यांपैकी एक जण या जिल्ह्यातले. त्यांनी पुण्यात तयार झालेले गेम तपासायला इथली चार मुलंमुली घेतली आणि ऑफिस बघायला मला. खालून खताचा वास, वर आम्ही पाच जण मोबाईल घेऊन बसलेलो. गेम खेळायचा, कुठे अडकतो ते लिहायचं, पुण्याला कळवायचं. वीज गेली की नेटही जायचं, म्हणून मी वही घातली. डावीकडे चूक, मधे कुणाला सापडली, उजवीकडे 'झालं' किंवा 'बाकी'. तिसरा शब्द मी कधी ठेवला नाही.

गल्लीत सगळ्यांना कुतूहल. शेजारच्या काकू विचारायच्या, "दिवसभर गेम खेळता व्हय गं तुमी? आन साहेब रागवत न्हाय?"

"न खेळलं तर रागवतात, काकू."

"बरंय बाई. आमच्या नातवाला घ्या मग. त्यो बिनपगारी करायलाय."

मग पुण्याहून शेतीच्या एका गेमची चित्रं तपासायला आली. त्यातल्या उसाला मक्यासारखी कणसं होती. मुरुमच्या चित्रकारानं एका दुपारीत ऊस नवा काढून पाठवला, वर जाता जाता बांधावरची बाभूळही दुरुस्त केली. तेव्हापासून झाडं, रस्ते, जनावरं आमच्याकडे येऊ लागली. नंतर घरं आली, माणसं आली. प्रोग्रामर पुण्याहून परत आला आणि एके दिवशी विचारणा झाली, एखादा अख्खा गेम तुम्हीच करता का? कागदोपत्री आम्ही कंपनीचा अंतर्गत स्टुडिओ झालो. बसस्टँडमागे नवी जागा मिळाली. पाटी मीच लावून घेतली, पातळी धरून.

गेम आम्ही ऊस वाहतुकीचा निवडला. शेतातून भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन निघायचं, खड्डे, चढ, फाटक सांभाळत ऊस वाळायच्या आत कारखाना गाठायचा, रांगेत नंबर लावायचा, वजनकाटा, मग गव्हाण, म्हणजे जिथे ऊस गाळपासाठी टाकतात ती जागा. प्रोग्रामरच्या वडिलांनी आयुष्यभर ट्रॅक्टर चालवला. त्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो. दोन हंगाम आम्ही त्यांच्यामागे वही आणि टेप घेऊन फिरलो. ट्रॉलीची उंची, ती जोडायच्या पिनेची जाडी, वळणाला लागणारी जागा, सगळं वहीत आहे. एवढं सगळं मोजून रिव्हर्स कसा राहिला?

तो राहिला कारण आमच्यापैकी कुणालाच तो आठवला नाही. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर आमच्याकडे कुणी मागे घेत नाही. घेताच येत नाही. मागची ट्रॉली मोडणी घेते आणि आडवी होते. कारखान्यात एका फाटकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. दोन हंगामांत आम्ही एकदाही दोन ट्रॉल्या मागे जाताना पाहिल्या नव्हत्या. न पाहिलेली गोष्ट आमच्या मोजमापात आली नाही. पुण्याच्या आराखड्यात मात्र 'पुढे, मागे, ब्रेक' असं सरळ लिहिलेलं होतं, आणि त्यावरूनच ती माझ्या यादीत सतरावी ओळ झाली होती.

दीड महिन्यापूर्वीच्या कॉलवर मॅडमनी विचारलं होतं, "रिव्हर्स होतंय ना?"

प्रोग्रामर म्हणाला होता, "होतंय की."

त्याच्या शेजारी बसून मी खूण केली.

आमच्याकडचं 'होतंय की' बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. शिंप्याला विचारा, शनिवारपर्यंत ब्लाउज होईल का? तो म्हणतो, होतंय की. मग आपण शनिवारी जात नाही, सोमवारी जातो. या दोन शब्दांत, अशक्य नाही, काळजी करू नका, आणि अजून हात लावलेला नाही, असं तिन्ही असतं. पुण्यात 'रिव्हर्स होतंय' म्हणजे ट्रॅक्टर मागे जातो. प्रोग्रामरनं इथलं उत्तर दिलं, मॅडमनी तिथलं ऐकलं. दोन्ही कळणारी एकटी मी होते. कॉल संपवायची घाई होती, अजून सव्वीस ओळी बाकी होत्या, आणि मी 'झालं' लिहिलं.

साडेनवाला प्रोग्रामर आला. मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्यानं बटण दाबलं, माझ्याकडे पाहिलं, खुर्ची ओढली.

"तू तर म्हणाला होतास होतंय."

"होतंयच की, ताई."

"आज ते शब्द तोंडातून काढू नकोस."

"बरं. करतो."

साडेदहापर्यंत तो कोड बदलत राहिला. त्याच्या पाठीमागे उभं राहून मी पडद्यावर बघत होते. पहिल्या वेळी ट्रॅक्टर मागे गेला आणि दोन्ही ट्रॉल्या एकमेकींत घुसल्या. दुसऱ्या वेळी मागची ट्रॉली उसासकट पतंगासारखी वर गेली आणि आली नाही. तिसऱ्या वेळी गेम बंद पडला. आमच्या ट्रॉल्या आणि पिना पुढे ओढण्यासाठी तयार केलेल्या होत्या. ढकलणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"दोन आठवडे लागतील," तो म्हणाला.

"एक तास आहे."

मुरुमची चित्रकार खुर्ची सरकवत आली. "बटणच काढून टाकू की. मी पडद्यावरचं चित्र पाच मिनिटांत पुसते. नसलेलं बटण कोण दाबणार?"

"आणि यादी? मॅडम वाटेत यादीच वाचतायत."

"मग ताई, तुमची यादीच पुसा," ती म्हणाली. कुणी हसलं नाही. तीही नाही.

खरं सांगायचं तर मी तेही मनात करून पाहिलं. नवी प्रत, सतरावी ओळ वगळलेली, 'सुधारित' असं वर लिहून. असं मी कधी केलं नव्हतं, म्हणून ते किती सोपं आहे हेही तोवर कळलं नव्हतं.

तेवढ्यात अण्णा आले. मॅडमना त्यांना भेटायचं होतं, म्हणून ते ढोकीहून सकाळच्या गाडीनं आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. गेममध्ये ड्रायव्हरचा आवाज त्यांचाच आहे. सगळे गप्प बघून ते दारातच थांबले.

"कोन गेलं काय?"

"कुणी नाही, अण्णा. या. ट्रॅक्टर मागे जात नाही," मी म्हणाले.

त्यांनी पडद्याजवळ येऊन डोळे बारीक केले. "दोन ट्रॉल्या हायत की मागं."

"हो ना."

"मग मागं कसा जाईल? आन जायचंय कशाला?"

"पुण्याच्या मॅडम बटण दाबणार, अण्णा," प्रोग्रामर वैतागून म्हणाला.

"दाबू दे की. नवा ड्रायव्हर बी घालतोच रिव्हर्स. तू न्हाय व्हय घातला पयल्या दिवशी? म्या काय केलं तवा?"

"शिव्या दिल्या."

"त्याच्या आधी?"

प्रोग्रामर थांबला. मग माझ्याकडे वळला. "पिन काढायला लावली."

पिन काढणं आमच्या गेममध्ये आधीपासून होतं. एक ट्रॉली शेतात भरायला सोडून दुसरी घेऊन जाता यावी म्हणून ते केलेलं होतं, आठवी ओळ, सकाळीच मी तपासलेली. नुसता ट्रॅक्टर मागे नेणं अवघड नव्हतं. ट्रॉल्या जोडलेल्या असताना कुणी मागे जायचं बटण दाबलं तर ट्रॅक्टर हलणार नाही आणि ड्रायव्हर खेळणाऱ्याला झापेल, एवढंच करायचं होतं. अकराला दहा कमी होती.

सामानाच्या खोलीत चादरी टांगून आम्ही आवाज घ्यायची जागा केली आहे. अण्णा माईकसमोर ताठ उभे राहिले आणि बसस्टँडवरच्या घोषणेसारखं म्हणाले, "कृपया वाहन मागे घेऊ नये."

"अण्णा, असं नाही. मला म्हणाला होता तसं म्हणा," प्रोग्रामर म्हणाला.

"तसं बायामाणसांत म्हणता येत न्हाय."

"अर्धं म्हणा."

अण्णांनी श्वास घेतला. "आरं ए! मागं कुठं निघालास दोन ट्रॉल्या घेऊन? सासुरवाडीला? पिन काढ आधी!"

मी घड्याळ बघून खोलीचं दार उघडलं. एकदाच घेतलं, दुसऱ्यांदा घ्यायला वेळ नव्हता. सव्वाअकराला बटण दाबल्यावर अण्णा ओरडले. पिन काढली, ट्रॅक्टर मागे गेला. वीस वेळा करून पाहिलं, वीसही वेळा गेला. खाली गाडीचं दार वाजलं.

मॅडम कपाळावर मळवट लावूनच वर आल्या. चहा नको म्हणाल्या, सरळ मशीनवर बसल्या. त्यांनी शेत पार केलं, चढावर गिअर बदलला, रेल्वे फाटकाशी थांबल्या. सगळे खुर्च्यांच्या मागे उभे. कारखान्याच्या वळणावर ट्रॅक्टर रस्ता सोडून बाभळीला टेकला आणि मॅडमनी मागे जायचं बटण दाबलं.

"आरं ए! मागं कुठं निघालास..."

त्या दचकल्या, मग मोठ्यानं हसल्या. पिन काढून त्यांनी ट्रॅक्टर मागे घेतला, वळवला, ट्रॉल्या पुन्हा जोडल्या. "हे कुणाचं डोकं?" आम्ही अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी शर्टाची बाही सारखी केली. प्रोग्रामरचे ताठलेले खांदे सैल झालेले मी पाहिले. सकाळपासून पहिल्यांदा.

मग मॅडमनी पिशवीतून आमच्या यादीचे कागद काढले. "सतरा. रिव्हर्स, झालं." त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "म्हणजे दीड महिना हे तयार आहे, आणि मला कुणी दाखवलं नाही?"

प्रोग्रामर म्हणाला, "ते होतंच, म्हणजे..." आणि थांबला. त्याला पुढे बोलू दिलं असतं तर त्यानं निभावून नेलं असतं. काम तर झालेलं होतं. समोर चालत होतं.

"नाही मॅडम," मी म्हणाले. "हे तासाभरापूर्वी झालं. दीड महिन्यापूर्वी काहीच नव्हतं. खूण मी केली, न बघता."

त्यांनी हसू आवरलं. "न बघता?"

"तो 'होतंय की' म्हणाला. मी 'झालं' लिहिलं."

"मग? 'होतंय' म्हणजे हो की नाही?"

अण्णा म्हणाले, "मॅडम, हो आन न्हायच्या मधीच तर आमचं समदं चालतंय."

त्या हसल्या नाहीत. कागद टेबलावर सरळ केले आणि पेनाचं टोपण काढलं. "या यादीवर विश्वास ठेवून मी वर कळवलंय की धाराशिवचं काम वेळेत आहे. अशा ओळी आणखी किती?"

"माहीत नाही," मी म्हणाले. आजवर हे वाक्य मी कामाच्या ठिकाणी बोलले नव्हते.

"मग पहिलीपासून घेऊ. दाखवा."

त्रेचाळीस ओळी. एक एक करून. त्या वाचत, प्रोग्रामर करून दाखवी, मी मागे उभी. सकाळी तपासलेल्या सोळा ओळीही मी पहिल्यांदा बघावं तशा बघत होते. जेवणाचे डबे तसेच राहिले. सव्विसाव्या ओळीवर, 'पावसात टायर घसरणं', पाऊस पडला, चिखल झाला, टायर काही घसरला नाही. मॅडमनी त्या ओळीवर गोल केला. मी प्रोग्रामरकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली आणि मला आठवलं, तेही 'होतंय की' होतं. अडतिसाव्या ओळीत फाटकाची घंटा वाजायला हवी होती. फाटक मुकाट खाली आलं. दुसरा गोल. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस नीट निघाल्या. शेवटच्या ओळीला मुरुमच्या चित्रकारानं माझा हात धरला होता, हे तो सुटल्यावर कळलं.

"तीन," मॅडम म्हणाल्या. "त्यातली एक आज सुधारली." कागद पिशवीत गेले. "मला दहा वाटल्या होत्या. पण शून्य वाटायला हव्या होत्या."

निघताना त्या अण्णांना नमस्कार करून गेल्या. आमच्याशी निर्णयाबद्दल अक्षर बोलल्या नाहीत.

पुढचे पंधरा दिवस मेल उघडताना सगळे माझ्या टेबलाजवळ येऊन थांबायचे. मी 'जाऊ शकतील'चं पान काढून ठेवलं होतं. मधे एकदा प्रोग्रामर म्हणाला, "ताई, तुम्ही बोलला नसता तर त्यांनी सतरावीवरच यादी मिटली असती."

"हो."

"मग?"

"मग फाटकाची घंटा लोकांच्या हातात गेम गेल्यावर वाजली नसती."

"वडील बी हेच म्हणाले. जरा जास्त शिव्या देऊन."

मेल आला तो दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. धाराशिवचा स्टुडिओ राहणार होता. गेमचं उरलेलं काम इथेच व्हायचं होतं, अण्णांचा आवाज ठेवायचा होता, तसे आणखी वीस-पंचवीस संवाद घ्यायचे होते. मी मोठ्यानं वाचत होते. खाली दुसरा परिच्छेद होता. यापुढे धाराशिवच्या कामाची यादी पुण्याहून ठेवली जाईल; 'झालं' म्हणण्यासाठी प्रत्येक ओळीबरोबर चालत्या गेमचा व्हिडिओ पाठवावा. तोही मी मोठ्यानं वाचला. कुणी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती, ती थांबली.

"वाजवा की," मी म्हणाले. "पहिला परिच्छेद आधी आहे."

ते दोन रकान्यांचं पान मी फाडलं. यादी आता पुण्यातला एक मुलगा ठेवतो, रंगीत, नीट. मी व्हिडिओ काढून पाठवते. माझी वही मी बंद केलेली नाही, पण ती कुणाला पाठवायची नसते. डावीकडे चूक, मधे कुणाचं काम, उजवीकडे 'झालं' आणि 'बाकी'. दोन्हींच्या मधे मी एक अरुंद रकाना आखून घेतला आहे. त्याच्या डोक्यावर 'होतंय' लिहिलंय. तो नेहमी भरलेला असतो.

परवाच्या कॉलवर पुण्याच्या मुलानं विचारलं, "सव्वीस नंबर, टायर घसरणं. होतंय ना सर?"

प्रोग्रामरनं तोंड उघडलं. मग शेजारी, माझ्या वहीकडे पाहिलं.

"न्हाय," तो म्हणाला. "अजून हात लावलेला न्हाय. सोमवारी दाखवतो."